सरकार बदलते तेव्हा संशोधनाची बाजू कोणी मांडायची?

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात स्टोव आणि वॉटरबरी ही शेजारशेजारची दोन गावे. १९७० च्या सुमारास डॉ. जॉन वेनबर्ग यांना तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्टोवमधील सुमारे ७० टक्के मुलांचे टॉन्सिल वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत काढून टाकलेले असत. वॉटरबरीत हेच प्रमाण २० टक्के होते. मुले सारखीच, हवापाणीही तेच. फरक होता तो डॉक्टरांच्या मतांत आणि सवयींत. राज्यभरातील अशा तफावतींवरचा वेनबर्ग आणि गिटलसन यांचा लेख १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आरोग्यसेवा-संशोधन म्हणतात ते हेच. नवे औषध शोधणे हे त्याचे काम नव्हे. असलेले उपचार कोणाला मिळतात, किती खर्चात मिळतात आणि त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे ते तपासते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि त्याने बालमृत्यू किती घटतात ते मोजले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले ते कामही याच जातीचे.

असे संशोधन कोणाला ना कोणाला अडचणीचे ठरतेच. अमेरिकेच्या सरकारने १९८९ मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र संस्था काढली. डिसेंबर १९९४ मध्ये या संस्थेने पाठदुखीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अचानक उद्भवलेली पाठदुखी बहुतेकांची महिन्याभरात बरी होते, फार दिवस पडून राहू नये, शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच असते, असे तिचे सार होते. मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे काही डॉक्टर त्यामुळे खवळले.

नेमक्या त्याच वेळी राजकीय वारे फिरले होते. नोव्हेंबर १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ४० वर्षांनी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. खर्चकपात हे नव्या सभासदांचे ब्रीद होते. शिवाय क्लिंटन यांच्या बारगळलेल्या आरोग्ययोजनेशी या संस्थेचे नाव जोडले गेले होते. १९९५ मध्ये ती बंद करण्याचाच प्रस्ताव पुढे आला.

संस्था वाचली, पण तिचा निधी पाचव्या हिश्शाहून अधिक कापला गेला आणि १९९६ मध्ये मार्गदर्शिका काढण्याचे काम तिने सोडून दिले. पुढे ती केवळ पुरावे गोळा करून देऊ लागली. त्यांवरून निष्कर्ष काढून सल्ला देण्याचे काम इतरांवर सोपवले. १९९९ मध्ये रिपब्लिकन सेनेटर बिल फ्रिस्ट यांच्या पुढाकाराने तिला नवा कायदा मिळाला. फ्रिस्ट स्वतः शल्यविशारद होते. नव्या नावातून ‘धोरण’ हा शब्द मात्र गळाला. संशोधन तगले, पण त्याचा आवाज खाली आला. ही किंमत योग्य होती का, याविषयी आम्हा संशोधकांत दोन मते असू शकतात.

प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये, पुन्हा एका सत्तांतरानंतर, हीच संस्था दुसऱ्या कार्यालयात विलीन करण्याची घोषणा झाली.

यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, आम्ही संशोधक बहुधा निधीवर कुऱ्हाड आल्यावरच बोलू लागतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार आहे. कामाचा उपयोग लोकांना आधीपासून कळलेला असेल, तरच संकटात कोणी पाठीशी उभे राहते. दुसरी, हे संशोधन एका पक्षाचे वाटू लागले की त्या पक्षाबरोबर तेही पडते. म्हणून दोन्ही बाकांवरच्या लोकप्रतिनिधींशी बोलायला हवे. तिसरी, मित्र मिळवण्यासाठी निष्कर्ष सौम्य करणे मात्र टाळलेच पाहिजे. बोलण्याची रीत बदलता येते. आकडे बदलता येत नाहीत.

या कामात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. स्टोव आणि वॉटरबरीचे आकडे फळ्यावर लिहून ‘हा फरक कशामुळे?’ एवढेच वर्गात विचारून पाहावे. मुले हवा, पाणी, आहार अशी कारणे सांगतील. एखादी मुलगी विचारील, “पण बाई, सगळ्यांना ऑपरेशनची गरज होती का?” हा प्रश्न विचारणारे नागरिक पुरेसे असले, तर सरकारे बदलली तरी संशोधनाला वाली राहतो.