हिशेबाची फाईल वारंवार बिघडते, दोष कशात?

येवल्याच्या पैठणीचा हिशेब आता बहुतेक पेढ्यांवर संगणकात असतो. सुरतच्या जरीचे देणे, बंगळुरूच्या रेशमाची बिले, विणकरांची उचल आणि मजुरी, सारे एकाच डब्यात. हा डबा एके सकाळी 'फाईल उघडत नाही' म्हणतो तेव्हा मालकाचे हातपाय गळतात. माझ्याकडे हे लागोपाठ तीनदा घडले. दरवेळी दुरुस्तीवाला आला, फाईल नीट करून पैसे घेऊन गेला आणि ती पुन्हा बिघडली. तिसऱ्या खेपेस अकरा दिवसांच्या मजुरीच्या नोंदी गेल्या. विणकरांच्या वह्या पाहून हिशेब चुकता केला. त्यांच्या वह्या माझ्या यंत्रापेक्षा चोख निघाल्या.

मर्ज एक आणि इलाज दुसराच, असा हा प्रकार होता. ताण्याची तार तुटली की कारागीर ती सांधतो. पण त्याच जागी ती पुन्हा पुन्हा तुटू लागली तर तो आधी फणी तपासतो. येथेही तसेच आहे. फाईल ही तार होय, फणी म्हणजे यंत्र.

आपण नोंद केली की ती लगेच डिस्कवर उतरते असे नाही. विंडोज ती काही क्षण मेमरीत धरून ठेवते, मुनीम कच्च्या चिठ्ठीवर टिपून मग खातेवहीत चढवतो तशी. त्याच क्षणी वीज गेली की अर्धी नोंद चढते, अर्धी राहते. अनुक्रमणिका म्हणते नोंद आहे, पानावर मात्र ती नसते. पेन ड्राइव्हवरच काम करून तो तसाच उपटणे, दोन संगणकांमधली केबल सैल असणे, यांचाही परिणाम हाच.

सबब, फाईल बिघडताच तिला हात लावण्यापूर्वी पूर्ण फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. एकुलत्या एका प्रतीवर दुरुस्ती करू नये. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून 'रिपेअर' मिळते. पण तेही नकलेनंतरच.

मग यंत्राचा तपास. विंडोजचा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टम' यादी पाहावी. 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद वारंवार दिसली तर यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू होत आहे, म्हणजे संशय प्रथम विजेवर. 'डिस्क 7' दिसली तर डिस्कचा भाग खराब झाला आहे. अशा डिस्कवर तपासण्या चालवत बसू नये, ती मरणपंथाला लागलेली असते. माल काढून घ्यावा व डिस्क बदलावी. दोन्ही नसेल तर विंडोजचीच मेमरी चाचणी रात्रभर लावावी, कारण खराब मेमरी आकडे गुपचूप बदलते.

माझ्याकडे दोष निघाला यूपीएसच्या बॅटरीत. हिरवा दिवा लागलेला असे, पण वीज जाताच यंत्र दोन सेकंदही तग धरत नसे. भिंतीवरचा स्विच बंद करून ही परीक्षा कोणीही घेऊ शकतो, फक्त आधी संगणक काढून यूपीएसला दिवा जोडावा.

नोंदणीकृत व्यापाऱ्यास ही बाब ऐच्छिक नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, आणि नियम 57 संगणकीय नोंदींची बॅकअप प्रत ठेवण्यास सांगतो. मी रोज संध्याकाळी एक प्रत काढतो, जुम्म्याला दुसरी घरी नेतो. मजुरी मात्र कागदी वहीतही लिहितो, विणकराच्या सहीसह.