उभे राहिल्याने हृदय निरोगी राहते का?

संध्याकाळी वस्तीतल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर थोडा वेळ थांबले, की दोन प्रकारची दुखणी कानावर पडतात. कापडाच्या दुकानात काम करणारी ताई म्हणते, "दिवसभर उभी असते गं, पायांचे नुसते खांब झालेत." रिक्षा चालवणारे दादा म्हणतात, "आमचं उलटं. बसून बसून कंबर धरली." तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवतो : बसून राहणे विडी-सिगारेटइतके वाईट, उभे राहा आणि हृदयविकार टाळा. ताई हसून म्हणते, "मग माझं हृदय तर लोखंडाचं असायला हवं!"

ताईचा टोला बरोबर जागी लागतो. फार बसणे वाईट हे खरे. पण म्हणून नुसते उभे राहणे चांगले, असे होत नाही. या वेळी आम्ही याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत, कारण आपल्या घरांतली कितीतरी माणसे पोटासाठी एकतर दिवसभर बसतात, नाहीतर दिवसभर उभी राहतात.

बसण्याबद्दलची ही चर्चा जुनी आहे. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. बस तीच, रस्ते तेच, पगारही साधारण सारखा. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करून तिकिटे फाडणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. मुंबईच्या जुन्या डबलडेकरमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे तो कंडक्टर लगेच उभा राहील. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेने जाड होते असेही दिसले. म्हणजे सगळा फरक कामामुळेच होता असे नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कंडक्टर नुसता उभा नव्हता. तो चालत होता, जिने चढत होता.

नेमकी हीच गोष्ट पुढे विसरली गेली. 'बसू नका' याचा अर्थ लोकांनी 'उभे राहा' असा घेतला. मोठ्या कार्यालयांत उभ्याने काम करायची उंच टेबले आली. प्रत्यक्षात, ६५ किलो वजनाच्या माणसाने दिवसातले सहा तास बसण्याऐवजी उभे राहून काढले, तर जेमतेम ५४ कॅलरी जास्त खर्च होतात. एका भाकरीतही याहून जास्त कॅलरी असतात.

मग दिवसभर उभे राहणाऱ्यांचे काय होते? कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांची बारा वर्षांची माहिती तपासली गेली. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. वय, शिक्षण, धूम्रपान, वजन असे फरक हिशेबात धरूनही तो राहिला. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली ब्रिटनमधील ८३ हजार लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदी तपासल्या. जास्त उभे राहिल्याने हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाला नाही. उलट, दिवसात दोन तासांपेक्षा जास्त उभे राहणाऱ्यांत पायांच्या नसा फुगणे, नसेत रक्ताची गाठ होणे अशा तक्रारींचा धोका वाढत गेला. आणि दहा तासांहून अधिक बसणेही घातकच ठरले. एका पाहणीत उभे राहण्याचा तोटा दिसला, दुसरीत हृदयाला फायदा दिसला नाही. नुसते उभे राहून हृदय वाचते, असे दोन्हींपैकी कुठेच निघाले नाही.

याचे कारण आपल्या पोटरीत आहे. हृदय रक्त पायापर्यंत पोहोचवते, पण ते परत वर आणायला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, सैल होते आणि हापशासारखे रक्त वर ढकलते. एका जागी खिळून उभे राहिले की हापसा बंद. रक्त खाली साचते, पाय जड होतात, घोटे सुजतात. तासन् तास बसून राहिले तरी हापसा बंदच. म्हणून खरा प्रश्न बसावे की उभे राहावे हा नाही. शरीर हलते की नाही, हा आहे.

तर मग काय करावे?

ज्यांचे काम बसून आहे, म्हणजे शिलाई करणाऱ्या भगिनी, रिक्षाचालक, घरी बसून माल निवडणाऱ्या आया-बहिणी, त्यांनी अर्ध्या तासाने उठावे. दोन मिनिटे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावे. रिक्षाच्या रांगेत नंबर येईपर्यंत खाली उतरून फेऱ्या माराव्यात.

ज्यांचे काम उभ्याने आहे, म्हणजे दुकानातल्या मुली, सुरक्षारक्षक, भजी-वडापावच्या गाडीवरचे भाऊ, त्यांनी जागच्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, दर वेळी वीसदा. एक पाय विटेवर किंवा पाटावर ठेवावा, थोड्या वेळाने पाय बदलावा. संधी मिळताच बसावे. रात्री पडल्यावर पायांखाली उशी घ्यावी. लघवीची सोय नाही म्हणून पाणी पिणे टाळू नये.

दोघांनीही आठवड्यात किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज वीस-बावीस मिनिटे झाली. सलग जमत नसेल तर तुकड्यांत चालावे. एक स्टॉप आधी उतरले तरी सुरुवात होते.

पण एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे. आठ-दहा तास उभे राहणारी मुलगी हौस म्हणून उभी नसते. गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, असा मालकाचा दंडक असतो. तिला 'व्यायाम कर' एवढेच सांगणे अपुरे आहे. तिला स्टूल हवे. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२१ साली तामिळनाडूनेही तसा कायदा केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने देशभर अट घातली होती : उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवलीच पाहिजे. एकटीने मागितले तर नोकरी जाण्याची भीती असते. चौघींनी मिळून, संघटनेतून मागावे. स्टूल मागणे हा आळस नाही, ते आरोग्याचे मागणे आहे.

शेवटी, हृदयाला सर्वांत जास्त जाच होतो तो तंबाखू, मिश्री, वाढलेला रक्तदाब आणि साखरेचा. मिश्रीही तंबाखूच आहे, दातांचे औषध नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, ही तपासणी मोफत असते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर तो थकवा समजून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, मळमळ असे होत असेल तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. बायकांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

ओट्यावरच्या ताईला आमचे उत्तर असे : ताई, तुझे हृदय लोखंडाचे नाही, आणि ते तसे असायची गरजही नाही. दुकानात तुला बसायला जागा मिळाली पाहिजे. आणि दिवसभर बसलेल्या दादांना सोबत घेऊन रात्री जेवणानंतर वस्तीला एक फेरी मार. दोघांच्याही हृदयाला तेच हवे आहे.