कडा सापडल्या, पण वस्तू कुठे आहे?

फोटोतल्या वस्तूची बाह्यरेखा कम्प्युटरला कशी सापडते, हा आजचा विषय. आधी एक गोंधळ मिटवू या. एज म्हणजे कॉन्टूर नव्हे.

शेजारच्या पिक्सेलमध्ये उजेड अचानक बदलला की ती एज. बस्स. टेबलावर स्टीलची वाटी ठेवा. वाटीचा काठ ही एज, तिच्यावर चमकणारा ट्यूबलाइटचा पट्टा हीसुद्धा एज, आणि सावलीची कडाही एजच. आकड्यांच्या लेखी तिघी सारख्याच. कॉन्टूर मात्र वस्तूभोवती फिरून सुरुवातीला परत येते. तिला आत-बाहेर असतं, म्हणून क्षेत्रफळ निघतं, आकार ओळखता येतो.

एज शोधायची सगळ्यात गाजलेली पद्धत जॉन कॅनी यांची, १९८६ची. आधी चित्र जरा धूसर करायचं, म्हणजे बारीक खरखर जाते. मग उजेड कुठे, किती आणि कोणत्या दिशेने बदलतो ते मोजायचं आणि जाड रेषेतला सर्वांत तीव्र पिक्सेल तेवढा ठेवायचा. गंमत पुढे आहे. मर्यादा एक नाही, दोन! वरच्या मर्यादेपलीकडचा थेट पास, खालच्याखालचा बाद. मधला? पास झालेल्याला जोडलेला असेल तरच आत. वशिल्यावर प्रवेश म्हणा ना! त्यामुळे फिकट होत गेलेली कडा सहसा मध्येच तुटत नाही.

तरी रेषा बंद होईलच, याची हमी नाही. म्हणून ओपनसीव्हीच्या फाइंडकॉन्टूर्सला बहुतेक वेळा निव्वळ काळं-पांढरं चित्र देतात: वस्तू पांढरी, पार्श्वभूमी काळी. त्यामागे सुझुकी आणि आबे यांची १९८५ची पद्धत आहे. सीमेवरून पिक्सेल-पिक्सेल चालायचं, आणि कुठलं भोक कुणाच्या पोटात आहे तेही टिपायचं. मेदूवड्याचा बाहेरचा काठ आणि आतलं भोक वेगळे कळतात ते असे.

आता नाणी मोजा. दहा सुटी ठेवलीत तर दहा कॉन्टूर. दोन एकमेकांना टेकली की नऊ! मध्ये काळा पिक्सेलच उरला नाही, तर प्रोग्रॅम बिचारा काय करणार? अशा वेळी प्रत्येक पांढरा पिक्सेल काळ्यापासून किती लांब आहे ते मोजतात. नाण्याच्या मध्यावर हे अंतर जास्त, जोडावर कमी. दोन शिखरं दिसली की दोन नाणी, आणि त्या शिखरांपासून वॉटरशेड पद्धतीने हद्द आखायची.

पण हे करताना 'वस्तू साधारण गोल आहे' असं आपण गुपचूप सांगून बसलो. त्याच टेबलावर कमरेत बारीक असलेली भुईमुगाची शेंग ठेवा. हाच प्रोग्रॅम तिच्या दोन वस्तू करेल.