मोटरसायकलचा सायलेन्सर चार चाकांच्या गाडीत

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी बांधलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या ट्वीटमुळे देशभर गाजली. पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यात अभियांत्रिकी शिकणारी मुलंही दुचाकीचं इंजिन घेऊन अशी गाडी बांधायला बसतात. चेसिस, स्टिअरिंग, ब्रेक यांवर महिनोन्‌महिने जातात आणि सायलेन्सर मात्र शेवटी, जागा उरेल तिथे जोडला जातो. त्याला याहून जास्त वेळ द्यायला हवा.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. एका सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि दर वेळी दाबाखालचा गरम वायू एकदम बाहेर सुटतो. सायलेन्सरमधले आडवे पत्रे आणि भोकांच्या नळ्या त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटांना उलटसुलट आपटवून एकमेकींत विरवतात. काही सायलेन्सरांत भोकांच्या नळीभोवती ग्लास वूल भरलेली असते. तिथे आवाजाची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. आतलं हे सगळं माप त्या-त्या इंजिनच्या सीसीवर ठरलेलं असतं. म्हणून इंजिन ज्या मोटरसायकलचं, सायलेन्सरही तिचाच घ्यावा. ७९६ सीसीच्या मारुती ८००च्या इंजिनला १०० सीसीच्या गाडीचा सायलेन्सर लावला, तर वायू बाहेर पडायला वाटच पुरत नाही. जळालेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, ताकद घटते, इंजिन तापतं.

इंजिनला लागून असलेला बेंड पाईप शक्यतो कापू नये. त्याच्या लांबीवर परतणाऱ्या लाटेची वेळ अवलंबून असते, आणि बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सरही साधारण तिथेच असतो. सेन्सरच्या आधी जोड मारला आणि तो गळका निघाला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मग पेट्रोल कमी पडतंय असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, ते वाढवत राहतो. लांबी वाढवायची ती सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या पुढे, त्याच आतल्या व्यासाच्या पाईपने. नळाचा जीआय पाईप वापरू नये, कारण वेल्डिंगच्या वेळी त्याच्या जस्ताचा धूर विषारी असतो.

खरी अडचण यापुढे आहे, आणि घरी बांधलेल्या गाड्या बहुतेक इथेच फसतात. मोटरसायकलमध्ये इंजिन आणि सायलेन्सर एकाच फ्रेमला, हातभर अंतरावर असतात. दोघं एकत्र थरथरतात. गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलं, तर क्लच सोडताच ते झुकतं आणि मागे बोल्टने आवळलेला सायलेन्सर जागचा हलत नाही. मधला ताण वेल्डिंगच्या जोडावर येतो आणि तिथे तडा जातो. शिवाय पोलादी पाईप तापून वाढतो: दोन मीटरचा पाईप ४०० अंशांनी तापला, तर सुमारे साडेनऊ मिलिमीटर. म्हणून इंजिनजवळ जाळीचा फ्लेक्झिबल तुकडा टाकावा आणि सायलेन्सर रबरी हँगरवर टांगावा.

पाण्याचाही विचार करायला हवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. दुचाकीचा सायलेन्सर इंजिनजवळ असल्याने लवकर तापतो आणि ही वाफ निघून जाते. गाडीच्या मागच्या टोकाला तोच सायलेन्सर थंड राहतो, वाफेचं पाणी आत साठतं, आणि आतून पत्रा गंजतो. पनवेलच्या पावसाळ्यात बाहेरूनही गंज सुरू असतोच. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, म्हणजे साठलेलं पाणी ठिबकून जाईल.

सायलेन्सरचं तोंड गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेर काढावं. तळाखाली सोडलेला कार्बन मोनॉक्साइड फटींतून आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. त्यामुळे इथे तडजोड अजिबात करू नये. पेट्रोलची नळी आणि वायरिंग पाईपपासून लांब ठेवून मध्ये पत्र्याची ढाल बसवावी.

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेत आवाज मोजतात तो तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.२५ मीटर होईल एवढ्या फेऱ्यांवर मर्यादा ११० डेसिबल असते. केटीएम ३९०च्या जुन्या इंजिनच्या ६० मिलिमीटर स्ट्रोकला हा हिशेब ७,६२५ फेऱ्यांचा येतो. रस्त्याची गोष्ट वेगळी. मान्यतेशिवाय अशा गाडीची नोंदणी होत नाही, त्यामुळे ती ट्रॅकवर किंवा स्वतःच्या जागेतच चालवावी.

जोड तपासायला, इंजिन थंड असताना ते सुरू करून तोंडावर जाड कापडाची घडी क्षणभर दाबावी. जिथून फुसफुस येईल तिथे गळती. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर पॅकिंग दबतं आणि फ्लँजचे बोल्ट सैल पडतात, तेव्हा ते पुन्हा आवळावेत.