कोळशाच्या दोन शेकोट्या

रात्र थंडीची होती. जेरुसलेममध्ये महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात नोकरचाकरांनी कोळसे पेटवले होते. पेत्र त्यांच्यातच उभा राहून हात शेकत होता आणि आत त्याच्या गुरूची, येशूची, चौकशी चालली होती. तूही त्याच्याबरोबरचाच ना, असे एका दासीने विचारले. पेत्र नाही म्हणाला. पुन्हा कोणीतरी विचारले, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी तर त्याने शपथा वाहिल्या, की मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला.

मत्तयच्या शुभवर्तमानात या प्रसंगाचा एक बारकावा आहे. पेत्राला उघडे पाडले ते त्याच्या बोलीने. तो गालील प्रांतातला कोळी, आणि राजधानीतल्या माणसांना त्याचा हेल लगेच कळला. आमच्या वसईत घरी कादोडी बोलणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या ऑफिसात वीस वर्षे प्रमाण मराठी बोललेला माणूसही घाबरला, की त्याच्या तोंडून पहिला शब्द घरचाच निघतो. पेत्र जितक्या जोराने नाकारत होता तितका तो गालीलचा असल्याचे ऐकणाऱ्यांना पटत होते.

मोह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोनेनाणे येते, राजवाडे येतात. येशूला अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर पडलेले मोह तसे मोठेच होते: दगडांच्या भाकरी करणे, मंदिराच्या टोकावरून उडी घेणे, साऱ्या जगाची राज्ये. पेत्राचा मोह मात्र शेकोटीजवळची जागा टिकवण्याएवढाच होता. समोर ना सुभेदार होता ना तलवार, होती एक दासी. मला हा मोह जास्त ओळखीचा वाटतो आणि म्हणून त्याचीच जास्त भीती वाटते. मराठी पवित्र शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत मोहाच्या ठिकाणी ‘परीक्षा’ हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक ‘पेइरास्मोस’ या शब्दात मोह आणि परीक्षा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पेत्राची परीक्षा झाली, पण ती चालू आहे हे त्याला कोंबड्याने सांगेपर्यंत कळले नाही.

जेरुसलेममध्ये सियोन डोंगराच्या उतारावर आज ‘गालिकांतू’ नावाचे चर्च उभे आहे. या लॅटिन शब्दाचा अर्थच कोंबड्याचे आरवणे. आधीच्या देवळांच्या अवशेषांवर बांधलेल्या या चर्चच्या छतावर सोनेरी कोंबडा बसवला आहे. युरोपात कितीतरी चर्चच्या मनोऱ्यांवर असा कोंबडा दिसतो. आपल्या पहिल्या पुढाऱ्याच्या नामुष्कीची खूण या धर्माने लपवली नाही, उलट उंचावर नेऊन ठेवली. याचे मला फार मोल वाटते.

त्याच रात्री दुसराही एक शिष्य पडला. यहूदा इस्कर्योत. तीस चांदीच्या नाण्यांवर त्याने गुरूला पकडून दिले. जुन्या करारात बैलाने कोणाच्या गुलामाला मारले तर मालकाला द्यायची भरपाई एवढीच सांगितली आहे. पकडून देण्याची खूण म्हणून त्याने चुंबन निवडले, आणि मत्तय सांगतो की येशूने त्या क्षणीही त्याला मित्र म्हणूनच हाक मारली. थोड्याच वेळापूर्वी भोजनाच्या वेळी येशूने कमरेला पंचा गुंडाळून सगळ्यांचे पाय धुतले होते. तेव्हा यहूदा अजून उठून गेला नव्हता. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावच्या चर्चमध्ये हा विधी होतो. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. फादर वरचा झगा उतरवतात, पंचा बांधतात आणि गुडघ्यावर बसत बसत पुढे सरकतात. एकजण घंगाळ सरकवतो, दुसरा तांब्याने पाणी ओततो. वाडीत काम करणाऱ्यांचे पाय असतात, टाचांना खोल भेगा पडलेले, आणि पाणी पडले की क्षणभर त्या भेगा काळ्याभोर दिसतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली नियम बदलल्यापासून बारांत बायकाही बसू शकतात. दरवर्षी मी खुर्च्या मोजतो. बारांतला यहूदा कोणता, हे कोणी ठरवलेले नसते. पाय सगळ्यांचे सारखेच धुतले जातात, सारखेच पुसले जातात.

यहूदाला पश्चात्ताप झाला नाही, असे अनेकांना वाटते. शुभवर्तमान तसे म्हणत नाही. येशूला दोषी ठरवल्याचे पाहिल्यावर तो मंदिरात परत गेला, तीस नाणी पुढे केली आणि आपण निर्दोष माणसाचा घात केल्याचे कबूल केले. त्याची कबुली पेत्राच्या अश्रूंपेक्षा जास्त स्पष्ट आहे. पण ज्यांच्यापाशी तो गेला त्यांनी, ते तुझे तू पाहा, असे म्हणून हात झटकले. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. रक्ताचा पैसा मंदिराच्या भांडारात चालेना, म्हणून याजकांनी त्यातून कुंभाराचे शेत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी.

ग्रीक मत्तयमध्ये यहूदाच्या पस्ताव्यासाठी जे क्रियापद आहे ते केल्याची खंत वाटणे या अर्थाचे आहे. ‘मेतानोइया’, म्हणजे मनाची दिशाच फिरणे, हा शब्द तिथे नाही. प्रवचनांत हा फरक पुष्कळदा सांगतात. तो खरा आहे, पण मला पुरेसा वाटत नाही. पेत्राच्या बाबतीतही तिथे मेतानोइया म्हटलेले नाही, तो बाहेर जाऊन खूप रडला, एवढेच लिहिले आहे. दोघेही कोसळले होते. फरक पडला तो पुढच्या दोन-तीन दिवसांत कोणाला कोणते दार उघडे सापडले, यात. पेत्र इतर शिष्यांकडे परतला आणि त्यांनी त्याला आत घेतले. यहूदा बंद दारावर गेला.

लायडनमध्ये चित्रकार रेम्ब्रांटने १६२९ साली नाणी परत करण्याचा नेमका हा क्षण रंगवला. तेव्हा तो विशीतच होता. यहूदा गुडघ्यांवर कोसळला आहे, हातांची बोटे एकमेकांत आवळली आहेत, डोक्यावर ओरबाडल्याच्या जखमा आहेत. नाणी फरशीवर विखुरली आहेत. कोणी नाण्यांकडे बघतो आहे, कोणी तोंड फिरवतो आहे. त्याच्याजवळ वाकून बसलेले मात्र कोणीच नाही.

त्याच १६२९ साली गोव्यात पेत्राच्या जीवनावरचे पुराण छापून निघाले, आणि तेही मराठीत. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने ते हजारो ओव्यांत रचले, छपाई रोमन लिपीत. त्याआधी १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आले होते, तेही ओवीबद्ध. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात पेत्राची कथा आपल्या भाषेत आली, हा आनंदाचा भाग. पण पेत्राच्या त्या पुराणात हिंदू धर्माचे खंडन करणे हाही रचनाकाराचा उघड हेतू होता, आणि त्या काळच्या गोव्यावर १५६० पासून इन्क्विझिशनची सावली होती. ख्रिस्ती माणसाने पश्चात्तापावर लिहावे आणि हे वगळावे, हे मला जमणार नाही. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकात चर्चच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली बळजबरी त्यात होती, ज्यू लोकांवरचे अन्याय होते. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्या नावाच्या मंदिरात ही कबुली झाली.

किती वेळा क्षमा करावी, हा प्रश्न येशूला कोणी विचारला होता? पेत्रानेच. सात वेळा पुरे का, असे त्याने विचारले होते, आणि आपण पुष्कळ उदार झालो असेच त्याला वाटले असणार. उत्तर मिळाले सत्तर गुणिले सात. पाठोपाठ येशूने एक दाखला सांगितला. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षात तीनशे दिवस राबला तरी फिटायला दोन लाख वर्षे लागतील. राजाने ते सगळे सोडून दिले. तो चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला.

येशूच्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द आहे. आपल्या मराठी प्रार्थनेतही ‘ऋण’ शब्द आहे. सावकारी पाहिलेल्या मुलखात तो काळजात घुसतो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून बाहेर काढत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना भर बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. मारेकरी जन्मठेप भोगत होता. २००२ साली राखीच्या दिवसांत सिस्टरची धाकटी बहीण, जी स्वतःही संन्यासिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्याच हातांनी तिच्या मुलीला मारले होते. घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली आणि तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

ही गोष्ट ऐकवून कोणाला क्षमेची सक्ती करणे मात्र मोठा अन्याय ठरेल. ती राखी त्या बहिणीची होती, तिने स्वतःच्या पायांनी जाऊन बांधली. चर्चमध्येच ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांना लवकर क्षमा करून टाका, गप्प राहा असे जिथे जिथे सांगितले गेले, तिथे येशूचा शब्द त्याच्याच लेकरांविरुद्ध वापरला गेला. बायबलमधला जक्कय हा जकातदार पश्चात्ताप झाल्यावर नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे त्याने उभे राहून सांगितले.

आता दुसरी शेकोटी. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठी ‘अँथ्राकिया’ हा शब्द येतो. साऱ्या नव्या करारात तो दोनच ठिकाणी आहे: एकदा महायाजकाच्या अंगणात, आणि एकदा गालीलच्या सरोवराकाठी, पुनरुत्थानानंतर. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतत होते. पहाटे काठावरच्या माणसाने सांगितले त्या बाजूला जाळे टाकले आणि १५३ मासे लागले. तो कोण हे कळताच पेत्राने अंगरखा कमरेला खोचून पाण्यात उडी घेतली. काठावर येऊन पाहतो तर कोळसे पेटलेले, वर मासा, शेजारी भाकर.

त्या रात्रीच्या धुराचा वास पेत्र विसरला असेल असे मला वाटत नाही. येशूने आधी सगळ्यांना न्याहारी वाढली. दासीचा विषय काढला नाही, कोंबड्याचाही नाही. खाणे झाल्यावर विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का. तीनदा विचारले. तिसऱ्यांदा पेत्र कष्टी झाला. प्रत्येक उत्तरावर मेंढरांची राखण त्याच्या हाती सोपवली गेली.

त्या सकाळी विस्तवाभोवती सात शिष्य होते. यहूदा नव्हता, तो येऊ शकत नव्हता. कॅथलिक चर्चने आजवर कितीतरी जणांना संत घोषित केले, पण अमुक माणूस नरकात आहे असे कोणाबद्दलही, यहूदाबद्दलही, कधी जाहीर केलेले नाही. फ्रान्समध्ये वेझलेच्या मरिया माग्दालेनेच्या देवळात बाराव्या शतकातला एक खांब आहे. त्याच्या माथ्यावर कोरीव काम आहे. एका बाजूला यहूदा फासाला लटकलेला, जीभ बाहेर आलेली. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचे प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे, हरवलेले मेंढरू घेऊन निघालेल्या मेंढपाळासारखा. तो कोण, हे पाथरवटाने लिहून ठेवलेले नाही. जाणकारांचे त्यावर एकमत नाही. पोप फ्रान्सिस यांना तो येशू वाटे. यहूदाचे पाय त्या माणसाच्या खांद्यावरून लोंबत आहेत, तेच पाय जे त्या गुरुवारी घंगाळात होते.