चाहतावर्ग

चाहतावर्ग : एखाद्या कलावंताविषयी विशेष अनुराग बाळगणारा, त्या अनुरागातून परस्परांशी बांधला गेलेला व कलावंताच्या यशापयशाशी स्वतःची प्रतिष्ठा जोडून घेणारा प्रेक्षकसमूह. रसिक कलाकृतीचे मूल्यमापन करतो. चाहता कलावंताचा पक्ष घेतो. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी या दोन्ही वृत्ती नांदू शकतात. तथापि पक्ष घेण्याची वृत्ती बळावली, की प्रतिस्पर्धी कलावंत, प्रतिकूल समीक्षक, कलावंताचे सहकारी किंवा आप्त आणि प्रसंगी खुद्द तो कलावंत यांच्याविरुद्ध रोष प्रकट होऊ लागतो. या रोषाला चाहत्यांचा प्रक्षोभ म्हणता येईल. तो आंतरजालाच्या युगात उद्भवला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र त्याची मुळे बरीच जुनी असल्याचे दाखवितो.

अनुराग व मालकी : कलावंताने प्रेक्षकांना ‘रसिक मायबाप’ असे संबोधण्याची प्रथा मराठी रंगभूमीवर रूढ आहे. या संबोधनात कृतज्ञता आहे, तसाच एक अलिखित करारही आहे. मायबापांना लेकरावर माया करण्याचा जसा अधिकार असतो, तसा त्याला वळण लावण्याचा व शिक्षा करण्याचाही असतो. संगीत रंगभूमीवरील ‘वन्समोअर’ची चाल हे या अधिकाराचे ठळक उदाहरण होय. आवडते पद प्रेक्षक पुनःपुन्हा म्हणावयास लावीत व नाटक पहाटेपर्यंत लांबे. नाटक केव्हा पुढे सरकणार, हे नाटककाराइतकेच प्रेक्षागृहही ठरवीत असे.

अमेरिकन अभ्यासक डॉनल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसंबंधी लिहिताना या नात्याच्या एकतर्फी स्वरूपाकडे लक्ष वेधले. प्रेक्षकाला कलावंत निकटचा वाटतो. कलावंताला मात्र तो प्रेक्षक व्यक्तिशः ठाऊक नसतो. नात्याची ही विषमता जोवर लक्षात राहते, तोवर अनुराग निरुपद्रवी असतो. तिचा विसर पडला, की कलावंताचे स्वतंत्र वर्तन हा चाहत्याला विश्वासघात वाटू लागतो.

संगीत रंगभूमी : किर्लोस्कर नाटक मंडळीतील भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या गायनाने व स्त्रीभूमिकांनी मराठी प्रेक्षकांत पहिला मोठा चाहतावर्ग निर्माण केला. त्याचा परमोत्कर्ष नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या काळात झाला. त्यांच्या रंगमंचावरील लुगड्यांची, केशरचनेची व अलंकारांची नक्कल सुस्थित घरांतील स्त्रिया करीत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या मानापमान या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या कन्येचे निधन झाले. तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही घटना चाहत्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या गौरवाने सांगितली. प्रेक्षकांचा हक्क कलावंताच्या खाजगी दुःखापेक्षा वरचढ मानला गेला, हेही तीतून दिसते.

या काळात नाटक मंडळ्यांभोवती प्रेक्षकांचे तट पडले. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व यांच्या चाहत्यांत श्रेष्ठकनिष्ठतेचे वाद रंगत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन्ही मंडळ्यांनी मानापमानचा संयुक्त प्रयोग केला. त्यात केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले होते. चाहत्यांनी ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले होते, ते दोघे कलावंत एका कार्यासाठी एकाच रंगमंचावर आले, हे या प्रयोगाचे विशेष महत्त्व होय. चाहत्यांतील वैर व कलावंतांतील वैर या दोन भिन्न गोष्टी असतात, हा धडा त्यातून मिळतो. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे अकाली निधन झाले.

गोहरबाईंचे प्रकरण : चाहत्यांच्या प्रक्षोभाचे मराठी रंगभूमीवरील सर्वांत बोलके उदाहरण गोहरबाई कर्नाटकी यांचे आहे. बालगंधर्वांची गायकी आत्मसात केलेल्या या गायिका १९३८ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत आल्या व स्त्रीभूमिका त्यांच्याकडे येऊ लागल्या. वास्तविक स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या सुमारास सर्वस्वी नवे राहिले नव्हते. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीने आधीच ते घडवून आणले होते व नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१ जुलै १९३३) या नाटकाने त्याला प्रतिष्ठाही मिळवून दिली होती. बालगंधर्वांच्या चाहत्यांचा आक्षेप तत्त्वाचा नव्हता. आपल्या मनातील मूर्तीच्या जागी दुसरी व्यक्ती उभी राहावी, हे त्यांना सोसवले नाही. गोहरबाईंचा धर्म व गाणाऱ्या घरातील त्यांचा जन्म यांचाही आधार त्या आक्षेपास मिळाला. बालगंधर्व आणि गोहरबाई यांच्या सहजीवनावर टीकेचा भडिमार झाला, जुने सहकारी दुरावले आणि ‘गोहरबाईंनी बालगंधर्वांचा ऱ्हास घडवून आणला’ हे मत दीर्घकाळ प्रचलित राहिले.

घटनांचा क्रम पाहता हे मत टिकत नाही. उंची वस्त्रे, नेपथ्य व आतिथ्य यांवरील बेसुमार खर्चामुळे मंडळी १९२१ च्या सुमारासच मोठ्या कर्जात होती. अयोध्येचा राजा (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटानंतर नाटकाचा प्रेक्षक झपाट्याने चित्रपटाकडे वळला. बालगंधर्व स्वतः प्रभात कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) या बोलपटात उतरले, ते गोहरबाई मंडळीत येण्यापूर्वी. ऱ्हासाची कारणे आर्थिक व ऐतिहासिक होती. पण चाहत्यांना आपल्या दैवताला दोष देणे जमत नव्हते आणि काळाला दोष देऊन समाधान होत नव्हते. तो दोष एका स्त्रीच्या माथी आला. उतारवयात पायांनी अधू झालेल्या बालगंधर्वांची शुश्रूषा गोहरबाईंनी केली व १९६४ मध्ये त्या निवर्तल्या. चाहत्यांच्या प्रक्षोभाचा आघात बहुधा कलावंतापेक्षा त्याच्या निकटच्या, अधिक दुर्बळ व्यक्तीवर होतो, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : डॉ. काशीनाथ घाणेकर यांच्या रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) व अश्रूंची झाली फुले (१९६६) या वसंत कानेटकरलिखित नाटकांतील भूमिकांनी नवा, तरुण चाहतावर्ग उभा केला. शिट्ट्यांनी व टाळ्यांनी स्वागत करणाऱ्या या प्रेक्षकाला त्यांच्यात सदैव ‘लाल्या’च हवा असे. कलावंताला एका भूमिकेत कोंडून ठेवणे, हाही चाहत्यांच्या मालकीभावनेचाच आविष्कार होय. घाणेकरांचे १९८६ मध्ये नाट्यदौऱ्यावर असताना अमरावती येथे निधन झाले. उलटपक्षी, निळू फुले (१९३०–२००९) यांच्या खलभूमिका इतक्या प्रभावी ठरल्या, की ग्रामीण स्त्रिया त्यांच्याकडे खरोखरीचा दुर्जन म्हणून पाहत. त्या रोषात भूमिका व व्यक्ती यांची गल्लत होती. द्वेषाची संघटना नव्हती.

विजय तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर व घाशीराम कोतवाल (दोन्ही १९७२) या नाटकांना झालेला विरोध या प्रकारात मोडत नाही. तेथे आक्षेप नीतिविषयक व इतिहासविषयक होते आणि त्यांचा रोख कलाकृतीवर होता. चाहत्यांच्या प्रक्षोभात कलाकृती गौण असते व व्यक्ती प्रधान.

झाडीपट्टी : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत कलावंत व प्रेक्षक यांचे निराळ्या प्रकारचे नाते आढळते. नागझिरा अभयारण्यालगतचे चोरखमारा (ता. तिरोडा, जि. गोंदिया) हे गाव याच पट्ट्यातील होय. दंडार व खडीगंमत या लोकनाट्यप्रकारांची परंपरा असलेल्या या भागात दिवाळीनंतर मंडईच्या वा शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र आहे. गावातील मंडळ प्रयोग ठरविते, तिकिटे विकते व पाहुण्यारावळ्यांसह सारे गाव नाटकाला बसते. मुंबईचे परिचित नट पाहुणे कलाकार म्हणून आणण्याची प्रथाही येथे पडली आहे. प्रेक्षकांची दाद वा नापसंती येथे समोरासमोर, तत्काळ व नावानिशी व्यक्त होते. बोलणाऱ्याला सारे गाव ओळखत असल्याने तिला आपोआप मर्यादा पडते. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांची कीर्ती अशा प्रत्यक्ष परिचयावरच उभी राहिली आहे.

मोजता येणारे प्रेम : एकविसाव्या शतकात चाहत्यांचा अनुराग मोजण्याची साधने उपलब्ध झाली आणि प्रक्षोभाचे स्वरूप पालटले. ‘इंडियन आयडॉल’ या स्पर्धेचा पहिला विजेता अभिजीत सावंत २००५ मध्ये भ्रमणध्वनीवरील संदेशांद्वारे झालेल्या मतदानातून निवडला गेला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बॉस मराठी’ या कार्यक्रमात प्रेक्षकांचे मत हेच स्पर्धकाच्या अस्तित्वाचे साधन बनले. मत देणे, अनुयायांची संख्या वाढविणे, नावाचा सामूहिक जयघोष करणे ही चाहत्यांची जणू कामगिरी ठरली. ज्याचे मोल आकड्यांत होते, त्यात प्रतिस्पर्ध्याची हानी हाही आपला लाभ ठरतो. त्यामुळे जुनी विधाने उकरून काढणे, छायाचित्रांत फेरफार करणे, टोपणनावांनी शिवीगाळ करणे, खोट्या तक्रारी करून एखाद्याचे खाते बंद पाडणे यांसारखे प्रकार वाढले. असे वर्तन करणाऱ्यांना मराठीत ‘जल्पक’ म्हटले जाऊ लागले.

अतिरेकी प्रेमही उपद्रवकारक ठरू शकते. सैराट (२०१६) या चित्रपटाने अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू एकाएकी सर्वतोमुखी झाली. चाहत्यांच्या गर्दीमुळे नियमितपणे शाळेत जाणे अशक्य होऊन २०१७ मध्ये तिने दहावीची परीक्षा बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून दिली. या गर्दीत द्वेष नव्हता. तरी एका मुलीची शाळा सुटली.

चीन व दक्षिण कोरिया : या प्रवृत्तीचे सर्वांत संघटित रूप चीनमध्ये दिसले. तेथे चाहत्यांच्या बंदिस्त मंडळांना ‘फानछ्वान’ म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये शाओ चान या अभिनेत्यावरील एका काल्पनिक कथेने दुखावलेल्या चाहत्यांनी सामूहिक तक्रारी केल्या व त्या पाठोपाठ ती कथा प्रसिद्ध करणारे परदेशी संकेतस्थळ चीनमध्ये बंद झाले. त्यामुळे संतापलेल्या वाचकांनी तो ज्यांची जाहिरात करीत असे, त्या मालावर बहिष्कार पुकारला; वस्तुतः कथा लिहिण्यात वा तक्रार करण्यात त्याचा हात नव्हता. मे २०२१ मध्ये एका गायनस्पर्धेतील मते दुधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर छापलेल्या संकेतांतून मिळत. बाटल्या विकत घेऊन दूध गटारात ओतले जात असल्याची दृश्ये प्रसृत झाली व ती स्पर्धा अंतिम फेरीआधीच थांबविण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या आंतरजाल नियंत्रण प्रशासनाने दहा उपाय जाहीर करून कलावंतांच्या क्रमवारी याद्यांवर बंदी घातली. दक्षिण कोरियात निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. सल्ली या गायिका-अभिनेत्रीच्या निधनानंतर ‘दाउम’ने ऑक्टोबर २०१९ मध्ये व ‘नेव्हर’ने मार्च २०२० मध्ये करमणूकविषयक बातम्यांखालील वाचकांच्या अभिप्रायांची सोय बंद केली.

कायदा व उपाय : भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील पाठलाग (कलम ७८), गुन्हेगारी धाकदपटशा (कलम ३५१) व अब्रुनुकसानी (कलम ३५६) यांविषयीच्या तरतुदी लागू पडू शकतात. मात्र कायद्याचे हत्यार दुधारी असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील एका मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेने देशभर वाद उठला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरविले. जमावाच्या दुखावलेल्या भावनांना कायद्याचे बळ मिळाले, तर ते प्रथम दुर्बळाविरुद्धच वापरले जाते, असा या प्रकरणाचा अर्थ आहे.

चीनमधील सरसकट निर्बंधांनी आकड्यांची स्पर्धा आटोक्यात येऊ शकते, पण त्यासाठी शासनाच्या हाती मोठे नियंत्रण सोपवावे लागते. कोरियातील उपायाने अपशब्दांची एक जागा बंद होते, प्रवृत्ती नव्हे. अधिक टिकाऊ उपाय तीन दिशांनी संभवतात : प्रेमाचे आकड्यांत रूपांतर करून नफा मिळविणाऱ्या वाहिन्या व माध्यमे यांच्यावर जबाबदारी टाकणे, कलावंतांनी आपल्या चाहत्यांच्या गैरवर्तनाविषयी मौन न पाळणे, आणि कलाकृतीची चर्चा व्यक्तीपासून वेगळी करणारी समीक्षा जोपासणे. संयुक्त मानापमानच्या प्रयोगात कलावंतांनी स्वतः पुढाकार घेतला होता. गोहरबाईंच्या बाबतीत प्रेक्षकांना आवरणारा आवाज क्षीण राहिला. चाहत्याचे प्रेम हे कलेचे पोषक द्रव्य आहे, यात शंका नाही. मात्र ज्याच्यावर प्रेम केले, तो आपल्या मालकीचा होत नाही, ही जाणीव रसिकतेची पहिली अट होय.