हृदयाची झडप गळते तेव्हा



चामराजपेटेतल्या अनेक घरांत जमिनीखाली पाण्याचा हौद (इथे त्याला 'संप' म्हणतात) आणि गच्चीवर टाकी असते. मोटार पाणी वर चढवते. पाइपातली झडप नीट बसली नाही, तर चढलेले पाणी परत खाली येते आणि मोटारीला दुप्पट राबावे लागते.

हृदयाचेही असेच आहे. त्यात चार झडपा असतात. दिवसाला सुमारे 1 लाख ठोक्यांत त्या उघडतात आणि मिटतात. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप पूर्ण मिटली नाही, तर बाहेर गेलेले रक्त थोडे परत येते. जास्तीचे रक्त सांभाळताना डावा कप्पा हळूहळू मोठा होतो. बरीच वर्षे काही जाणवत नाही. मग धावताना दम लागू लागतो.

झडप गळण्याची कारणे वेगवेगळी आहेत. आपल्या देशात घशाच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप हे एक मोठे कारण आहे. शंभरात एक-दोघांना जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप असते. कधी महाधमनीच रुंदावते, पाकळ्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात आणि झडप गळते. धमनी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण अधिक. ती फाटली तर जीव जाऊ शकतो.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन हिने 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. जानेवारी 1986 मध्ये जपानमधील एका सामन्यात ती कोसळली आणि गेली. वय अवघे 31. तिला मार्फान हा आनुवंशिक विकार होता, त्यात महाधमनी कमकुवत होते. हे तिच्या मृत्यूनंतर उघड झाले. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला, आणि शस्त्रक्रियेने त्याचा बचाव झाला.

पालकांनी घाबरू नये. इकोच्या अहवालात 'किंचित गळती' असे पुष्कळदा लिहिलेले असते आणि बहुधा ते निरुपद्रवी असते. मात्र घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

आणि छात्रांनो, मैदानावर चक्कर आली, छातीत दुखले किंवा नेहमीच्या धावण्यालाच दम लागू लागला, तर निवड हुकेल या भीतीने गप्प बसू नका. लगेच प्रशिक्षकांना सांगा. दुखणे लपवणे म्हणजे शौर्य नव्हे.